शीतपेटीतील जुन्या-नव्या लसी

कर्जत तालुक्यातील एखाद्या ठाकूरवाडीवर अथवा खालापूरकडील कातकरी वाडीवर लसीकरणाचा दिवस असला, की परिचारिकाबाई लहानशी शीतपेटी घेऊन येतात. तीत बर्फाच्या सान्निध्यात काचेच्या कुप्या असतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. परंतु त्यांची कुळे निराळी आणि वयेही निराळी.

लस शरीराला रोगाची आगाऊ ओळख करून देते. पुढे खरा शत्रू आला असता शरीर त्याच्याशी लढावयास सज्ज असते. ही ओळख करून देण्याच्या रीती मात्र अनेक आहेत. क्षयावरील बीसीजी लसीत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात. ती १९२१ पासून वापरात आहे. तुम्हांला दहाव्या वर्षी टोचतात त्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसीत जंतू मुळीच नसतात. जंतूंचे विष निर्विष करून त्यात घातलेले असते.

आता बोरघाटाखाली, मुंबईकडे वळू. १८९६ साली तेथे प्लेग उसळला. वाल्देमार हाफकीन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगवून प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. मृत जंतूंची ही रीत तेव्हा नवीन होती. लोक बिचकले, यात नवल नाही. त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका कुपीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकीन यांच्यावर ठपका आला. कुपी गावात उघडताना तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निर्वाळा तज्ज्ञांनी पुढे दिला आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. लस बनविण्याची रीत सदोष नव्हती.

घाट चढून पुण्यास गेलो, की गोष्ट उलट दिसते. २०२० साली तेथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा केला. त्याला निष्क्रिय करून कोव्हॅक्सिन तयार झाली. म्हणजे एकेकाळी धास्ती घालणारी हाफकीनची रीतच आता जुनी व परिचित ठरली! नवी म्हणावी अशी कोव्हिशील्ड. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या या लसीत चिंपँझीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू करोनाच्या एका प्रथिनाची कृती पेशींपर्यंत वाहून नेतो.

त्याहून नवी रीत एमआरएनएची. तीत विषाणूच नसतो. केवळ कृतीची चिठ्ठी स्निग्ध कणात गुंडाळून पाठवितात. पेशी ती वाचून प्रथिन घडविते आणि चिठ्ठी लवकरच नष्ट होते. ही लस प्रथम २०२० साली लोकांना मिळाली. पण तिच्यामागील कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा महत्त्वाचा शोध २००५ सालचा आहे. त्याबद्दल त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रारंभीच्या लसी अतिथंड पेट्यांतून न्याव्या लागत. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने आपली लस सुकवून भुकटीच्या रूपात आणली. तिला २०२२ साली आपत्कालीन मान्यता मिळाली. तिला दोन ते आठ अंश तापमान पुरते, म्हणजे वाडीवर येणाऱ्या त्या लहानशा शीतपेटीइतकेच.