चिलटांच्या जनुकांतलं हिमयुग

उन्हाळ्यात तोक्योतल्या छोट्याशा स्वयंपाकघरात केळी दोन दिवस पडून राहिली, की त्यांच्यावर चिलटं जमतात. तुम्ही वैतागून केळी फ्रीजमध्ये टाकता. पण या चिलटांचे, म्हणजे फळमाश्यांचे, पुष्कळ भाऊबंद जंगलात राहतात. त्यांच्या डीएनएमध्ये जुन्या हवामानाच्या खुणा राहतात. कशा, ते पाहू.

20,000 वर्षांपूर्वीचा जपान डोळ्यांसमोर आणा. हिमयुग ऐन भरात होतं. इतकं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू मिळून एकच भूभाग होता. दूर दक्षिणेला इशिगाकी आणि इरिओमोतेही जोडलेली होती. मुख्य भूभागावरचं सदाहरित रुंदपर्णी जंगल दक्षिणेकडच्या किनाऱ्यांपुरतं उरलं. पुढे ऊब आली, तसं जंगल उत्तरेकडे सरकलं. पण समुद्रही चढला आणि बेटं सुटी झाली.

जंगलाशिवाय न जगणारी माशी जंगलाबरोबरच आक्रसते आणि पसरते. थोड्याच माश्या उरल्या, तर जनुकांमधलं वैविध्य निव्वळ योगायोगाने घटतं. समजा, एखाद्या गावातली चारच घरं दुसरीकडे जाऊन वसली. पुढे तिथली माणसं कितीही वाढली, तरी आडनावं चारच! माश्यांचंही तसंच: संख्या पटकन वाढते, वैविध्य परतायला हजारो पिढ्या लागतात.

या खुणा वाचायच्या कशा? शिनकान्सेनने क्योतोला जाताना मिशिमा लागतं. तिथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेतल्या मोतोओ किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलं, की उत्क्रांतीत डीएनएमध्ये रुजणारे बहुतेक बदल ना फायद्याचे असतात, ना तोट्याचे. असे बदल साधारण ठरावीक गतीने साठतात. म्हणून आजच्या माश्यांमधले फरक मोजले, की त्यांचे गट कधी वेगळे झाले, संख्या कधी रोडावली, याचा अंदाज बांधता येतो.

मग हिमयुगातून तगलेल्या माश्या आजची तापमानवाढही सहज निभावतील का? इथेच घाई करू नका.

ड्रोसोफिला अल्बोमिकन्स ही मूळची उष्ण प्रदेशातली माशी. 1980 च्या दशकात ती जपानच्या मुख्य बेटांवर पसरली. थोड्या थंडीची सवय झाली, की तिची थंडी सोसण्याची ताकद वाढते. याउलट ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनातली ड्रोसोफिला बिर्ची. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कोरड्या हवेत टिकणाऱ्या माश्या तीसहून जास्त पिढ्या निवडत गेले, तरी पुढच्या पिढ्या जास्त काटक झाल्या नाहीत. गंमत म्हणजे, तिच्या डीएनएमध्ये एकूण वैविध्य भरपूर होतं. फक्त कोरडेपणा सोसायला लागतं नेमकं तेच जवळपास नव्हतं.

म्हणजे जनुकांमधला इतिहास मागचं संकट सांगतो, पुढची हमी देत नाही. शिवाय तेव्हा सरकायला हजारो वर्षं आणि मोकळी जमीन होती. आज इरिओमोतेच्या चारी बाजूंना समुद्र आहे आणि तिथला सर्वांत उंच डोंगर जेमतेम 470 मीटर. गारव्यासाठी तिथल्या माश्यांनी जायचं कुठे? 2021 पासून ते जंगल जागतिक वारसा यादीत आहे. जंगल राखता येईल. त्यातली हवा तशीच राखणं मात्र त्या बेटाच्या हातात नाही.