वाटेवरचं पाणी – ४ : फिल्टर कुठवर पुरतो?

मागच्या आठवड्यात पाणी उकळण्याचं पाहिलं. पण पाठीवर तीन दिवसांचा शिधा आणि रानात विस्तव पेटवायला मनाई असताना बाटली-बाटली पाणी उकळत कोण बसणार? म्हणून मेळघाटाच्या बाजूला भटकणारे सॅकमध्ये पोकळ धाग्यांचा छोटा फिल्टर ठेवतात.

त्या धाग्यांच्या भिंतींना ०.१ ते ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. कॉलऱ्याचा जंतू जाडीला सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणून तो अडतो. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलरा पसरला, माणसं दगावली. तो जंतू या फिल्टरच्या आवाक्यातला आहे. (गावाला मात्र नळच हवा, फिल्टर हा हौशी भटक्यांचा इलाज.) काविळीचा विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, तो सरळ पार होतो. वस्तीच्या किंवा गोठ्याच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर गाळून झाल्यावर क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं.

पावसाळ्यात गढूळ नाल्याचं पाणी थेट फिल्टरमध्ये ओतलं, तर तो दुसऱ्या दिवशीच तुंबतो. आधी भांड्यात निवळू द्यावं, दुहेरी फडक्यातून गाळावं आणि मुक्कामावर पिचकारीने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने मारावं. तुंबलेला फिल्टर निदान कुरकुर तरी करतो. खरी भीती फुटलेल्याची. नरनाळ्याच्या कातळावर तो एकदा आपटला आणि आतले दोन-चार धागे तुटले, तरी धार पूर्वीसारखीच राहते, पाणी स्वच्छच दिसतं आणि जंतू तुटल्या जागेतून आरामात निघून जातात.

याची परीक्षा सोपी आहे. फिल्टर पूर्ण भिजवायचा, आतलं पाणी निथळू द्यायचं आणि स्वच्छ बाजूने तोंडाने जोरात फुंकायचं. बारीक छिद्रांत पाणी इतकं घट्ट धरून बसतं की फुफ्फुसांच्या जोराने ते हटत नाही, त्यामुळे धड फिल्टरमधून हवा जात नाही. हवा गेली तर धागे तुटलेत; तो फिल्टर टाकून द्यायचा. फिल्टर कोरडा असेल तर ही परीक्षा फसते, कारण कोरड्या छिद्रांतून हवा जातेच.

आता डोंगर उतरून या. अकोट, दर्यापूरकडे आलात की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. शेगावला पायी निघालेल्यांनाही तो टळत नाही. इथल्या कित्येक विहिरींचं, बोअरचं पाणी काचेसारखं नितळ आणि चवीला मचूळ. क्षार पाण्यात विरघळलेले असतात, त्यांचे कण एका मायक्रॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान. फिल्टर महागडा असो की साधा, ते अडत नाहीत. उकळलं तर पाणी आटून उलट खारटपणा वाढतो. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल २०००. क्षार काढायला आरओ लागतो, आणि आरओला चांगला दाब लागतो. सॅकमधल्या पिशवीला हाताने दिलेला दाब त्यापुढे काहीच नाही.

म्हणून सपाटीवर फिल्टरच्या भरवशावर विहीर शोधत बसू नये. गावात शिरून नळाचं पाणी कुठलं, ते विचारावं. वान आणि शहानूर धरणांचं गोडं पाणी पाइपलाइनने या पट्ट्यातल्या अनेक गावांत पोचलंय. ते येतं त्याच डोंगरातून, जिथून तुम्ही उतरलात.