पहिलं धनुष्य घेताना

आमच्या मेडशी गावाकडच्या शेतांत रानडुकरं नि रोही शिरतात, त्यामुळे नवखी पोरं आधी विचारतात, “शिकारीचं धनुष्य कोणतं घेऊ?” शिकारीचं घेऊच नका! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार गुन्हा आहे. आपला नेम गोल रंगीत लक्ष्यावर.

शेजारच्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने 2023 मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात जगात अव्वल क्रमांकाच्या माइक श्लोसरला हरवलं, तेही कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्यानं. पण ते महाग आणि गुंतागुंतीचं. सुरुवात सुटे भाग करता येणाऱ्या रिकर्व्हनं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्यानं करा. ताकद वाढली की फक्त लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वरचे-खालचे हात, बदलायचे.

सगळ्यात मोठी चूक ताणाची. जोशात 40 पाउंडांचं धनुष्य घेतलं की खांदा दुखावतो, नेमही बिघडतो. मोठ्यांना 20 ते 24 पाउंड पुष्कळ, लहानांना त्याहून कमी. आता खेच, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते: दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजा, अडीचनं भागा: 165 सेंटिमीटर असेल तर खेच साधारण 26 इंच. बाण त्याहून एक-दोन इंच लांबच हवा, आखूड बाण हातात घुसू शकतो.

आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीच सोडू नका, लिम्ब तडकतात.