वेरूळच्या परिसरात सौर ऊर्जा : शेतजमिनीच्या वापराचे नियम

शेतकऱ्याला पाण्याइतकीच विजेची निकड असते, आणि ती वीज त्याला दिवसा हवी असते. रात्री अपरात्री मोटार सुरू करण्यासाठी विहिरीवर जावे लागणे ही ग्रामीण महाराष्ट्राची जुनी व्यथा आहे. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज नेमकी दिवसाच उपलब्ध होते. त्यामुळे शेतीसाठी सौर वीज ही कल्पना सर्वांनाच पटण्याजोगी आहे. परंतु या विजेला जमीन लागते, आणि ती बहुधा शेतीचीच असते. कोणत्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारावा, कोणत्या जमिनीवर उभारू नये व त्याचा निर्णय कोणत्या नियमांनी होतो, हे गावच्या कारभाऱ्यांनी समजून घेणे म्हणूनच आवश्यक झाले आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला हा विषय अपरिचित नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे ३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील अशा पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले, त्यात धोंदलगावचा समावेश होता. पाचही प्रकल्पांची एकूण क्षमता १९ मेगावॅट आहे. त्याच जिल्ह्यातील खुलताबाद तालुक्यात वेरूळ आहे. तेथे शेती आहे, डोंगर आहे, चराईची जमीन आहे आणि जगप्रसिद्ध लेणीही आहेत. जमिनीच्या वापराचे जवळजवळ सर्व प्रश्न एकाच ठिकाणी पाहावयाचे असल्यास वेरूळसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

जमीन किती व कोठे ?

जमिनीवर उभारलेल्या सौर प्रकल्पास एक मेगावॅटमागे साधारणपणे ४ ते ५ एकर जागा लागते. म्हणजे धोंदलगावच्या क्षमतेच्या प्रकल्पास १२ ते १५ एकर जागा हवी. जागा कोठेही चालत नाही. निर्माण झालेली वीज जवळच्या उपकेंद्रात न्यावयाची असते, आणि अंतर वाढले की वाहिनीचा खर्च व विजेची गळती दोन्ही वाढतात. म्हणून राज्याच्या योजनेत उपकेंद्रापासून ५ ते १० किलोमीटरच्या परिसरातील जागांचा विचार होतो. परिणामी मागणी विखुरलेल्या माळरानाला न येता उपकेंद्रालगतच्या ठराविक गावांतील जमिनीस येते. नियमांचे महत्त्व येथूनच सुरू होते.

नियमांचे तीन थर

शेतजमिनीवरील सौर प्रकल्पास लागू होणारे नियम एका कायद्यात सापडत नाहीत. त्यांचे तीन थर आहेत व ते वेगवेगळे समजून घेतल्यास गोंधळ होत नाही.

पहिला थर महसुलाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही शेतीची जमीन इतर कामासाठी वापरण्याचे नियमन करते. 'बिनशेती' हा शब्द गावागावांत रूढ झाला तो या नियमनामुळेच. बिनशेती परवानगीची पद्धत शासनाने वेळोवेळी शिथिल केली आहे. मात्र परवानगीचा एक कागद कमी झाला म्हणजे जमिनीवरील सर्व बंधने संपली, असा समज करून घेणे बरोबर नाही. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहतो. शिवाय मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. जमीन पट्ट्याने देताना किंवा बिगरशेतकऱ्यास हस्तांतरित करताना त्यातील तरतुदी पाहणे भाग असते.

दुसरा थर नगररचनेचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या योजनांत जमिनीचे निवासी, औद्योगिक, शेती इत्यादी विभाग पाडले जातात. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश क्षेत्रासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आली. तिच्यात शेती विभागातही अपारंपरिक ऊर्जास्रोतांपासून वीजनिर्मिती करण्यास वाव ठेवला आहे. शेती विभागात कारखान्यावर सामान्यतः निर्बंध असतात. सौर प्रकल्पास मात्र जमिनीचा विभाग बदलून घेण्याची गरज पडू नये, हा या तरतुदीचा आशय आहे.

तिसरा थर विशेष संरक्षणाचा. वन, अभयारण्य, पाणलोट व प्राचीन स्मारके यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. पहिल्या दोन थरांतून मार्ग मोकळा झाला तरी हा थर आड येऊ शकतो. वेरूळच्या बाबतीत तोच निर्णायक आहे.

लेण्यांची सीमा

वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू व जैन अशा तिन्ही परंपरांची लेणी आहेत. युनेस्कोने १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली. तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित ठरते. त्यापुढील आणखी २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. विनियमित क्षेत्रात त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. हे अंतर लेण्याच्या दारापासून न मोजता संरक्षित सीमेपासून मोजावयाचे असते. ज्या खातेदाराचे शेत या पट्ट्यात येते त्याने कोणताही करार करण्यापूर्वी मोजणी करून घेणे हिताचे.

तीनशे मीटरची मर्यादा ही कायद्याची मर्यादा झाली. नजरेची मर्यादा त्याहून दूर जाते. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिमेकडील कड्यात खोदलेली आहेत व त्यांच्यासमोर सखल शेतीचा विस्तार आहे. लेण्यांच्या पायऱ्यांवर उभे राहणाऱ्यास दिसणारी हिरवी शेते हाही त्या स्थळाच्या वैभवाचाच भाग आहे. त्यासमोर काळ्या निळ्या पट्टिकांचे कित्येक एकर पसरले तर कायदा मोडणार नाही, पण काहीतरी हरवेल. पर्यटनावर ज्या गावातील अनेकांची उपजीविका अवलंबून आहे तेथे हा विचार व्यावहारिकही ठरतो.

खातेदाराचा हिशेब

राज्याच्या योजनेत खाजगी जमीन भाडेपट्ट्याने घेतली जाते. मालकी शेतकऱ्याचीच राहते. वार्षिक भाडे हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये, किंवा कराराच्या वर्षी मुद्रांक विभागाने ठरविलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती मिळते. या मूळ भाड्यावर दरवर्षी ३ टक्के सरळ पद्धतीने वाढ आहे. सरळ वाढीचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. हेक्टरी १ लाख २५ हजारांवर दरसालची वाढ ३,७५० रुपये होते. दहाव्या वर्षी भाडे १ लाख ५८ हजार ७५० रुपये आणि पंचविसाव्या वर्षी २ लाख १५ हजार रुपये होईल.

कोरडवाहू, हलक्या जमिनीच्या धन्यास हे उत्पन्न निश्चित व भरवशाचे आहे. पावसाने दगा दिला तरी ते थांबत नाही. परंतु खुलताबाद तालुक्यात आल्याचे पीक घेणारे, पेरू व सीताफळाच्या बागा राखणारे शेतकरीही आहेत. बारमाही पाण्याच्या जमिनीचा हिशेब वेगळा येतो. पाव शतकात शेतमालाचे भाव व जगण्याचा खर्च किती वाढेल, याचाही विचार सरळ वाढीच्या शेजारी ठेवून करावा. शेतात राबणाऱ्या मजुरांचे काय, हा प्रश्न तर करारात कोठेच येत नाही. तो गावाने विचारावयाचा आहे.

गायरानाचा प्रश्न

खाजगी जमिनीपेक्षाही गायरानावर नजर जाणे सोपे असते, कारण तेथे भाव करावयास धनी समोर नसतो. म्हणूनच संहितेत कलम २२-अ समाविष्ट करून गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन घालण्यात आले. इतर योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसल्यास शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी अपवाद होऊ शकतो. गावच्या सामाईक जमिनी जपण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणी जानेवारी २०११ मध्ये दिलेला निर्णय सरपंचांनी व ग्रामसेवकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. दिवसा वीज हे सार्वजनिक हित खरेच. पण ज्यांच्याकडे एक गुंठाही नाही आणि दोन शेळ्या आहेत, त्यांचे शेत म्हणजे गायरान. त्यांचे हितही सार्वजनिकच आहे.

पिकासह वीज

जमीन किंवा वीज, अशी निवड प्रत्येक वेळी करावीच लागते असे नाही. केंद्र शासनाच्या २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेत पडीक जमिनीस प्राधान्य आहे, आणि लागवडीच्या जमिनीवर प्रकल्प घ्यावयाचा तर पट्टिका उंच खांबांवर बसवून खाली पीक घेता यावे, अशी अपेक्षा आहे. जपानने २०१३ मध्ये अशा पद्धतीस परवानगी देताना खालच्या पिकाचे उत्पन्न त्या भागाच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक घटू नये, अशी अट घातली. इटलीने २०२४ मध्ये शेतजमिनीवर थेट भुईवर नवे सौर प्रकल्प उभारण्यावर व्यापक निर्बंध आणले. उंच मांडणीस खर्च अधिक येतो हे खरे. तथापि आल्यासारखे पीक विरळ सावली सहन करते. खुलताबाद परिसरात अशा प्रयोगास वाव आहे.

ग्रामपंचायतीने काय पाहावे ?

योजनेखाली प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीस दरवर्षी ५ लाखांप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये अनुदान मिळते. ते स्वीकारताना ग्रामसभेपुढे काही प्रश्न ठेवावेत. निवडलेली जमीन हलकी आहे की बागायती ? ती गायरान, पाणंद किंवा ओढ्याच्या पात्रात येते काय ? कुंपणामुळे मागच्या शेतांची वहिवाट बंद होणार नाही ना ? पट्टिका धुण्यास पाणी कोठून येणार ? पट्टिकांवरून वाहणारे पावसाचे पाणी खालच्या शेताची माती वाहून नेणार नाही, यासाठी चर व बांध कोण घालणार ? आणि मुदत संपल्यावर खांब, काचा व काँक्रीट काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहिले आहे काय ?

या प्रश्नांची उत्तरे सुरुवातीस मिळविली तर पुढील तंटे टळतात. तलाठी कार्यालयातील सातबारा, नगररचना कार्यालयातील नकाशा व पुरातत्त्व खात्याच्या सीमेचा अभिलेख ही तीन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास एक दिवस पुरतो. वीज खरेदीचा करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो, आणि आज शाळेत जाणारी मुले तो संपताना त्या जमिनीचे धनी झालेली असतील.