पडद्यावरचं रक्त : कुणाला हसू, कुणाला घेरी

तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आंबागडच्या किल्ल्याची एक गोष्ट सांगितली जाते. भोसल्यांच्या काळात हा किल्ला तुरुंग म्हणून वापरला जाई आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजलं जाई, अशी ती गोष्ट. ऐकणारी पोरं भीतीनं एकमेकांना चिकटून बसतात आणि तरीही ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारतातच. भीतीची ही गोडी जुनीच आहे. आता ती घराघरांत टीव्ही आणि मोबाइलवरून येते, एवढाच फरक.

समजा, अशाच एका घरात रात्रीच्या जेवणानंतर भीती आणि विनोद एकत्र असलेला सिनेमा लागला आहे. कोयता फिरतो, रक्ताचा फवारा उडतो. कॉलेजात जाणारा मुलगा खदखदून हसतो. आजोबा ‘काय हा फालतूपणा’ म्हणत उठतात. सून तोंड फिरवते, तिला मळमळतं आहे. सहा वर्षांची नात मात्र एकटक बघते आहे. ती हसत नाही आणि रडतही नाही. त्या रात्री तिला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी चौघांची मतं चार : झकास, भिकार, किळसवाणा आणि चौथं मत कुणी विचारतच नाही.

यात बरोबर कुणाचं? शरीरशास्त्राच्या दृष्टीनं चौघांचंही.

मराठी प्रेक्षकाला हे मिश्रण नवं नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर चालणाऱ्या नाटकात हसू आणि आसू शेजारी शेजारी बसतात. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला आणि एक अख्खी पिढी एकाच वेळी घाबरली आणि हसली. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमातही मारेकऱ्याचा आत्मा बाहुल्यातच शिरला होता. २०२२ साली आलेल्या ‘झोंबिवली’नं डोंबिवलीत झोंबी आणले. तेव्हाच्या बाहुल्यापेक्षा आताच्या पडद्यावर रक्त बरंच जास्त असतं, हे मात्र खरं.

मेंदूचा हिशेब

अंगावर येणारं दृश्य दिसताच मेंदूतला अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रिनलिन स्रवतं, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. हे सगळं विचार करण्याआधीच घडतं. मागोमाग कपाळामागचा विचार करणारा भाग निरोप देतो : ‘अरे, हा सिनेमा आहे, आपण घरात बसलो आहोत.’ हा निरोप वेळेवर पोचला तर चढलेली उत्तेजना हसण्यातून मोकळी होते. धोका दिसतो आहे, पण तो आपल्याला नाही, हे एकाच क्षणी पटलं की हसू फुटतं. निरोप पोचला नाही किंवा किळस त्याच्यावर मात करून गेली, तर त्याच दृश्यानं मळमळतं.

हा हिशेब माणसागणिक वेगळा असतो. काहींना मुळातच थरार हवासा वाटतो. मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी या स्वभावाचा आयुष्यभर अभ्यास केला. काहींची किळसेची पातळी जन्मतःच खाली असते. ज्यानं नुकताच घरात अपघात पाहिला आहे, त्याला पडद्यावरचं रक्त खोटं वाटतच नाही. तेव्हा सिनेमा बघून कुणी हसलं म्हणून तो क्रूर ठरत नाही आणि कुणी उठून गेलं म्हणून भित्रा ठरत नाही.

घेरी का येते?

भीतीनं सहसा रक्तदाब वाढतो. रक्त पाहिल्यावर मात्र काही जणांत उलटा प्रकार होतो. आधी नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, मग एकदम कोसळतात. मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं आणि माणूस घेरी येऊन पडतो. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात चालत येते. धट्टाकट्टा जवानही रक्ताची बाटली पाहून पडू शकतो. इथं मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्न नसतो.

अशा वेळी माणसाला आडवं झोपवावं, पाय थोडे उंच करावेत, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. कांदा किंवा जोडा हुंगवू नये आणि शुद्ध येण्याआधी तोंडात पाणी ओतू नये. शुद्ध मिनिटभरात आली नाही, झटके आले, छातीत दुखलं किंवा पडताना डोक्याला मार लागला तर दवाखाना गाठावा. ज्यांना असा त्रास वारंवार होतो, त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओस्ट यांनी सोपी युक्ती शोधली : हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे आणि असं चार-पाच वेळा करायचं. त्यानं रक्तदाब टिकून राहतो.

‘रक्त गोठलं’ हा नुसता वाक्प्रचार आहे का, हेही तपासून झालं आहे. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी २०१५ साली २४ निरोगी तरुणांना एकदा भीतिपट आणि एकदा माहितीपट दाखवला. भीतिपटानंतर रक्त गोठायला मदत करणारं ‘फॅक्टर आठ’ हे प्रथिन वाढलेलं आढळलं. प्रत्यक्ष गुठळी होऊ लागल्याची खूण मात्र दिसली नाही. जखम होण्याआधीच शरीर तिची तयारी करतं, असा याचा अर्थ. निरोगी माणसाला त्यात काळजीचं काही नाही. ज्यांना चालताना किंवा बसल्या जागी छातीत दुखतं, त्यांनी मात्र हा थरार डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

चौथं मत

खरी काळजी त्या सहा वर्षांच्या नातीची. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना ‘हे खोटं आहे, रंगाचं पाणी आहे’ असं सांगून फारसा उपयोग होत नाही. दिसतं ते खरं, हाच त्यांचा नियम. मोठ्यांच्या हसण्यानं ती आणखी गोंधळतात. अमेरिकेत जोअॅन कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दहापैकी नऊ विद्यार्थ्यांनी लहानपणी पडद्यावरच्या एखाद्या गोष्टीनं घाबरल्याचं सांगितलं. सुमारे चौथाई जणांच्या मनात ती भीती मोठेपणीही थोडीफार उरली होती.

घाबरलेलं मूल रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, एकटं मोरीत जात नाही. ‘पोट्टा असून भेतेस का रे?’ असं चिडवल्यानं ते भ्यायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं. काही मुलं झोपेच्या पहिल्या प्रहरात किंचाळून उठतात, डोळे उघडे असतात, पण ओळख देत नाहीत आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. घरच्यांना ही ‘बाहेरची बाधा’ वाटते आणि पोर मांत्रिकापुढं बसवलं जातं. हा झोपेतला एक प्रकार आहे आणि बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर तो आपोआप जातो. अंगारे-धुपारे, चटके यांनी इजा मात्र होते. मंत्रतंत्राच्या नावाखाली अशी इजा करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाही आहे.

उपाय घरातलेच आहेत. लहान मुलाला जवळ घ्यावं, दिवा लावून ठेवावा, काही रात्री शेजारी झोपावं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला खोटं रक्त कसं बनवतात ते दाखवावं. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, हे कळलं की त्याला मजा वाटते. सिनेमाच्या प्रमाणपत्राकडे बघावं. २०२४ पासून सेन्सॉर बोर्ड ‘यूए’ गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग करतं. मोबाइलवर मात्र कुणी दारात उभं राहून वय विचारत नाही, ते काम घरच्यांचं. भीती महिनाभर टिकली, शाळा किंवा जेवण सुटलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिचाही लाभ घ्यावा.

सिनेमा कसा वाटला, हे घरात सगळ्यांनाच विचारावं. सुरुवात सगळ्यांत लहान असेल त्याच्यापासून करावी आणि त्यानं ‘भीती वाटली’ म्हटलं, तर कुणी हसू नये.