वाळुंजाची साल आणि पावसाळी ताप

जुलै उजाडला की चेंबूरच्या पोस्टल कॉलनीत, पेस्तम सागरमध्ये पाणी तुंबतं आणि पाठोपाठ दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. अशाच दलदलीतल्या हिवतापावर इंग्लंडमधला पाद्री एडवर्ड स्टोन उतारा शोधत होता. ज्या ओलसर जागी रोग उपजतो तिथंच त्याचं औषध उगवत असणार, असा त्याचा तर्क होता. पाण्याकाठच्या विलो झाडाची साल कडू, थेट हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोनाच्या सालीसारखी. ती वाळवून, कुटून त्यानं सुमारे ५० रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. तर्क साफ चुकीचा होता, तरी ताप उतरत होता!

विलोंपैकीच पाण्यावर फांद्या सोडून उभा राहणारा वीपिंग विलो मूळचा चीनचा. चेंबूरच्या उकाड्यात तो रमणार नाही. पण त्याचा सख्खा भाऊबंद वाळुंज सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी आणि पुण्यात मुळा-मुठेच्या तीरावर वाढतो. नर आणि मादी झाडं वेगळी, बिया कापसाळ, वाऱ्यावर उडणाऱ्या. लवचिक डहाळ्यांच्या टोपल्या होतात, मुळं काठाची माती धरून ठेवतात आणि लोकवैद्यकात सालीचा काढा तापावर दिला जातो. नदीकाठ ‘सुशोभित’ करताना हे झाड तोडलं जाऊ नये.

विलोच्या सालीतलं सॅलिसिन १८२८ मध्ये जर्मनीत बुखनर यांनी वेगळं केलं. त्यापासून मिळालेलं सॅलिसिलिक आम्ल गुणकारी, पण पोटाला फार जाचक. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये त्याचं सौम्य रूप शुद्ध स्वरूपात तयार केलं. १८९९ मध्ये ते ‘अ‍ॅस्पिरिन’ म्हणून बाजारात आलं. ते काम कसं करतं, हे मात्र १९७१ पर्यंत कोडंच होतं. ताप आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन शरीरात तयार होणंच ते रोखतं, हे जॉन वेन यांनी दाखवलं. त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

म्हणजे स्टोनच्या रुग्णांचा ताप उतरला, पण मलेरियाचा परजीवी सालीनं मरत नव्हता. ते काम सिंकोनातल्या क्विनीनचं.

अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सनाही निकामी करतं, आणि तो परिणाम आठवडाभर टिकतो. हृदयविकारात हाच गुण उपयोगी पडतो. डेंग्यूत प्लेटलेट्स आधीच घटलेल्या असतात. तिथं हीच गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते. म्हणून पावसाळ्यात ताप आला, तर घरात पडलेली अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नका. आधी रक्त तपासून घ्या, आणि हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.