रक्तातील खूण आणि तिची मर्यादा

"डॉक्टर, आईचा कॅन्सर मार्कर नॉर्मल आला. आता आतून तपासणी नको ना?" आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'चा कागद पुढे करून विचारलेला हा प्रश्न इंदुरातील माझ्या प्रयोगशाळेत मी अनेकदा ऐकला आहे. उत्तर एकच : तपासणी हवीच.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सर्वाधिक वापरली जाणारी रक्तखूण म्हणजे एससीसी अँटिजेन. काटो व तोरिगोए या जपानी संशोधकांनी १९७७ मध्ये तिचे वर्णन केले. मात्र हे प्रथिन निरोगी स्क्वॅमस पेशींतही असते. रोग अगदी आरंभी असताना, म्हणजे तो पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असताना, रक्तातील पातळी बहुधा वाढलेलीच नसते. उलट सोरायसिस, इसब वा मूत्रपिंडाच्या विकारात ती कर्करोगाविनाही वाढते. नमुन्यात लाळ वा घाम मिसळला तरी आकडा फुगतो, हे आम्हा प्रयोगशाळावाल्यांनी विशेष ध्यानी ठेवावे!

आरंभीचा रोग शोधायचा तर नमुना गर्भाशयमुखाचाच हवा. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते.

मग रक्तखूण निरुपयोगी का? मुळीच नाही. निदान निश्चित झाल्यावर तिचे खरे काम सुरू होते. उपचारापूर्वी वाढलेली पातळी शस्त्रक्रियेनंतर वा किरणोपचारानंतर उतरली, तर उपचार लागू पडल्याची ती एक साक्ष असते. उतरलेली पातळी पुन्हा चढू लागली, तर काही रुग्णांत लक्षणांच्या कित्येक महिने आधीच रोग परतल्याचा इशारा मिळतो. अशा वेळी एका आकड्यावर घाबरून न जाता चाचणी त्याच पद्धतीने पुन्हा करावी. चढ कायम राहिल्यास रुग्णेची प्रत्यक्ष तपासणी व स्कॅन करावे. आरंभीची पातळीच ठाऊक नसेल, तर पुढील चढउताराचा अर्थ लावणे अवघड होते.

रोग अॅडिनोकार्सिनोमा प्रकारचा असेल, तर एससीसीचा उपयोग अल्प. तेथे सीए-१२५ किंवा सीईए यांचा विचार होतो. म्हणून माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बंधुभगिनींना विनंती, की चिठ्ठीवर नुसते 'ट्यूमर मार्कर' न लिहिता बायॉप्सीतील पेशीप्रकार आणि उपचाराची तारीखही लिहावी.